चुकीच्या कप्प्यात

प्रणित भाटकरला सोडायला नको होता.
हे मी मांडवीच्या कट्ट्यावर सांगितलं,
सलूनमध्ये सांगितलं, मानेवर वस्तरा असताना,
आणि डॉक्टरांनी छाती तपासताना विचारलं
"काही त्रास?" तेव्हाही हेच सांगितलं.

एकतीस वर्षं हेड पोस्टात टपाल लावलं मी.
कुठलं पाकीट कुठल्या कप्प्यातलं
ते वाचण्याआधी बोटांना कळायचं.
सेंटर हाफ म्हणजे नाक्यावरचा पानवाला,
त्याला विचारल्याशिवाय
चेंडूला कुणाचं घर सापडत नाही.
असा माणूस जाऊ द्यायचा?

रेल्वेने नोकरी दिली, क्वार्टर दिलं.
आपल्या मंडळाने शाल दिली, नारळ दिला,
आणि एक भिंतीवरचं घड्याळ,
जे सोमवारी बंद पडलं.
तिकडे तो बाकावर बसतो म्हणे.
बाकावर!
ज्याच्या स्टिकला मिरकरवाड्याचा दोरा गुंडाळलेला,
ज्याला आपल्या तांबड्या मातीतला
एकेक खडा नावानिशी ठाऊक.

मग मयेकर मास्तरांनी काय करावं?
राइट हाफ उचलून मधे आणला,
म्हणजे राजापूरची थैली रोह्याला उतरवली.
तौसिफ होडेकर डावा, त्याला उजवीकडे धाडला.
आणि गोलात उभा केला निहाल सोलकर,
बर्फाच्या कारखान्यातला.
रात्रभर लाद्या ओढतो पोरगा,
सकाळी बोटं त्याची त्यालाच ओळखत नाहीत.
मी म्हटलं, मास्तर,
आत्ता लागलेला चेंडू याला दुपारी कळेल.
कट्टा हसला. मास्तर हसले नाहीत.

शहराची टीम तरी कोण निवडतं?
फोटो स्टुडिओ गेला, तिथे मोबाइलची कव्हरं आली.
मैदानाचा पूर्वेकडचा कोपरा गाड्यांना दिला,
कॉर्नर घ्यायला आधी कुणाची तरी
स्विफ्ट हलवावी लागते.
साळवी स्टॉपला उतरा
आणि एक साळवी शोधून दाखवा.
पाचव्या मजल्यावर राहणाऱ्यांना समुद्र दिसतो,
आम्हाला त्यांचे वाळत घातलेले टॉवेल.

माझी हेमांगी खारघरला असते.
ती निघाली तेव्हा मी कसलंच मत दिलं नाही.
स्टँडवर बॅग वर चढवली,
सीटचा नंबर दोनदा बघितला,
आणि कंडक्टरशी सुट्ट्या पैशांवरून भांडलो.

असो. सेमीफायनल.
समोर सावंतवाडी, सगळी उंच पोरं, नवे बूट.
एक-एक बरोबरी, शेवटची चार मिनिटं,
आणि पंचाने आमच्याविरुद्ध स्ट्रोक दिला.
मी डोळे मिटले नाहीत.
मिटले असते तर उद्या बोलणार काय?
निहाल सोलकर उभा, पायाला ते पॅड,
जाळी विणणाऱ्या सुलेमानने शिवलेलं,
एका बाजूने उसवलेलं.
चेंडू उजवीकडे, खाली, अगदी खांबाला चिकटून.
तो कसा पोचला मला विचारू नका.
ठप्प असा आवाज आला,
टपालाच्या शिक्क्यासारखा.

मग आमच्या राइट हाफने,
मधे चुकून लावलेल्या त्या पाकिटाने,
चेंडू असा काही पुढे दिला
की तौसिफला नुसता हात लावायचा होता.

कट्ट्यावर मला कुणीतरी विचारलं, "काय मग, पावसकर?"
मी म्हटलं, सावंतवाडीचा स्ट्रोक मऊ होता.
प्रणित असता तर तिथवर वेळच आली नसती.

रात्री उशिरा इनलँड काढलं, जपून ठेवलेलं.
बर्फ कारखान्याच्या मॅनेजरना लिहिलं
की कामगार निहाल सोलकर यास
रविवारी फायनल असल्याने
शनिवारची रात्रपाळी देऊ नये, ही विनंती.
पत्ता लिहिला. चार एक पाच, सहा एक दोन.
कारखाना घरापासून चालत सात मिनिटांवर,
हातात नेऊन देता आलं असतं.
पण मी ते पेटीत टाकलं
आणि झाकणाखाली बोट घालून
आत पडलंय ना, ते बघितलं.